न्या. फातिमा बीवी : गौरवाच्या पलीकडे

२३ नोव्हेंबर २०२३ रोजी केरळातील कोल्लम येथे न्यायमूर्ती एम. फातिमा बीवी यांचे निधन झाले. वयाची शहाण्णव वर्षे पूर्ण झालेली होती. त्यानंतर दोनतीन दिवस मराठीत त्यांच्यावर जे छापून आले ते आम्ही जमेल तेवढे वाचले. बहुतेक मजकूर एकाच साच्यातला होता. सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीश, उच्च न्यायव्यवस्थेतील पहिल्या मुस्लिम महिला, तामिळनाडूच्या माजी राज्यपाल. 'पहिल्या' हा शब्द काढून घेतला तर त्या मजकुरात काय उरते, असा प्रश्न पडावा अशी स्थिती.

दोष एकट्या वृत्तपत्रांचा नाही. आपल्या जलशांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, महिला मेळाव्यांत कर्तबगार मुस्लिम स्त्रियांची एक यादी वर्षानुवर्षे म्हटली जाते. रझिया सुलतान, चाँदबीबी, बेगम हजरत महल, फातिमा शेख आणि शेवटी फातिमा बीवी. यादी म्हणून झाली की टाळ्या पडतात आणि कार्यक्रम चहापानाकडे वळतो. एका कार्यक्रमात तर वक्त्यांनी फातिमा शेख आणि फातिमा बीवी या एकच बाई असल्याचे गृहीत धरून भाषण केले, आणि सभागृहात कुणी हात वर केला नाही. आम्हीही केला नाही. ती लाज हा लेख लिहिण्याचे एक कारण आहे.

नावापासूनच सुरुवात करू. मराठीत त्यांचे नाव कुणी 'बीबी' लिहितो, कुणी 'बीवी'. मल्याळममध्ये 'बीवी' हेच रूप रूढ आहे आणि ते आदरार्थी आहे. आपल्या दखनी कानाला 'बीवी' म्हणजे बायको, म्हणून आपले संपादक संकोचून 'बीबी' करतात. बाई आयुष्यभर अविवाहित राहिल्या हे लक्षात घेतले तर या संकोचाची थोडी गंमतही वाटते. आम्ही त्यांच्या भाषेतले रूप ठेवले आहे.

३० एप्रिल १९२७ रोजी तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातील पत्तनमतिट्टा येथे त्यांचा जन्म झाला. वडील मीरा साहिब, आई खदीजा बीवी. शालेय शिक्षण गावातील कॅथॉलिकेट हायस्कूलमध्ये झाले. ही सीरियन ख्रिस्ती लोकांची शाळा. हे मुद्दाम सांगतो, कारण 'आपल्या मुलींसाठी आपली शाळा हवी' हा युक्तिवाद ऐकत आमच्या दोन पिढ्या गेल्या आणि शाळा निघेपर्यंत मुली घरी बसल्या. पत्तनमतिट्ट्यातल्या या बापाने शाळा कुणाची आहे हे पाहिले नाही, ती चालते की नाही एवढे पाहिले. पुढे त्रिवेंद्रमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून मुलीने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले. तिला त्याच विषयात पुढे शिकायचे होते. कायद्याकडे वळवले ते वडिलांनी.

यामागचे कारण फार बोलके आहे. त्रावणकोरात त्या काळी अ‍ॅना चांडी हे नाव गाजत होते. १९३७ साली त्या मुन्सफ झाल्या होत्या आणि १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश. १९५९ साली त्या केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीही झाल्या, पण ते पुढचे. मीरा साहिबांच्या डोळ्यांसमोर एक ख्रिस्ती बाई न्यायासनावर बसलेली होती, आणि आपली मुलगीही तिथे बसू शकते असे त्यांना वाटले. एवढीच गोष्ट. तिच्यात कोणते क्रांतिकारक विधान नाही. पण आपल्याकडे उलट कसे घडते हेही आठवावे. शेजारच्या समाजातली बाई पुढे गेली की ती 'त्यांच्यातली' म्हणून आपण नजर वळवतो. कायदा शिकणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांपैकी एक असलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकात जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. स्त्रियांना वकिली करण्याची कायद्याने मुभा १९२३ साली मिळाली. महाराष्ट्रातल्या किती मुस्लिम घरांत हे नाव कुणा मुलीला सांगितले गेले असेल? बद्रुद्दीन तय्यबजी, छागला, हिदायतुल्ला ही न्यायाधीशांची नावे आपण अभिमानाने घेतो आणि घ्यावीतच. पण ती सारी मुलग्यांना सांगायची नावे होऊन राहिली.

त्रिवेंद्रमच्या विधी महाविद्यालयात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९५० साली बार कौन्सिलच्या परीक्षेत फातिमा बीवी पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळाले, आणि १४ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांनी सनद घेतली. संविधान अमलात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. कोल्लमच्या न्यायालयात त्या वकिली करू लागल्या. डोक्यावर पदर घेतलेली तरुण मुस्लिम वकील ही तिथल्या बार रूमला नवी गोष्ट होती. तो पदर पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या छायाचित्रांतही दिसतो. पदराचा गाजावाजा त्यांनी केला नाही आणि तो उतरवण्याचाही केला नाही. आज मुलीच्या डोक्यावरच्या कापडावरून दोन्ही बाजूंनी जो गदारोळ चालतो, त्यात ही छायाचित्रे कुणाच्याच कामाची नाहीत, म्हणूनच बहुधा ती फारशी वापरली जात नाहीत.

मे १९५८ मध्ये त्या मुन्सफ झाल्या. इथे थोडे थांबले पाहिजे. 'सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती' या बिरुदामुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर दिल्लीचे ते घुमटाचे भव्य न्यायालय येते. प्रत्यक्षात त्यांच्या कारकिर्दीचा फार मोठा भाग तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात गेला. १९६८ मध्ये उपन्यायाधीश, १९७२ मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश, जानेवारी १९८० मध्ये प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या सदस्य, ४ ऑगस्ट १९८३ रोजी केरळ उच्च न्यायालयात. मुन्सफाच्या कोर्टात काय येते हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. बांधाचा वाद, उसनवारीचा दावा, कुळाचा हक्क, वाटणी, तारखांवर तारखा. सर्वोच्च न्यायालयात पोहोचणारे बहुसंख्य न्यायाधीश वकिलीतून थेट उच्च न्यायालयात येतात. अगदी तळच्या पायरीवरून एकेक पायरी चढत तिथवर जाणारे थोडे. फातिमा बीवींना त्यासाठी एकतीस वर्षे लागली. 'पहिली महिला' हे वैशिष्ट्य योगायोगाने कुणाच्या तरी वाट्याला येणारच होते. मुन्सफ ते सर्वोच्च न्यायालय हा प्रवास मात्र योगायोगाचा नाही, आणि आमच्या मते त्यांच्या आयुष्यातली अधिक मोलाची गोष्ट तीच आहे.

२९ एप्रिल १९८९ रोजी उच्च न्यायालयातून त्या वयोमानाने निवृत्त झाल्या. सव्वापाच महिन्यांनी, ६ ऑक्टोबर १९८९ रोजी, सर्वोच्च न्यायालयात त्यांची नियुक्ती झाली. न्यायालय स्थापन होऊन एकोणचाळीस वर्षे उलटली होती आणि तोवर तिथे एकही स्त्री नव्हती.

या नियुक्तीबद्दल कुजबुज झाली नसती तरच नवल. लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. शाहबानो प्रकरणात १९८६ चा कायदा करून ज्या सरकारने मुस्लिम स्त्रीचा प्रश्न मौलवींच्या स्वाधीन केल्याचा आरोप ओढवून घेतला होता, त्याच राजीव गांधी सरकारच्या काळात ही नियुक्ती झाली. स्त्रीही झाली आणि अल्पसंख्याकही झाली, एका दगडात दोन पक्षी, असे म्हणणारे होते. त्या वेळी सरन्यायाधीश होते ई. एस. वेंकटरामय्या, १९८५ चा शाहबानो निकाल देणाऱ्या पाच न्यायाधीशांपैकी एक. आता या सगळ्यावरून कुणी हवा तो अर्थ काढावा. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की राजकारणाने दार किलकिले केले असेलही, पण आत जाण्याच्या लायकीची व्यक्ती एकतीस वर्षे त्याच वाटेने चालत आली होती. नेमणाऱ्याच्या हेतूवरून नेमलेल्या व्यक्तीची किंमत ठरवायची, तर आपल्या देशातले फार थोडे मानकरी त्या कसोटीला उतरतील. ही कसोटी पुरुषांना, बहुसंख्याकांना कुणी लावत नाही हेही सांगून टाकतो.

दुसरी एक कसोटी आपल्याच लोकांची आहे. फातिमा बीवींचे नाव निघाले की आपल्याकडचा सुधारक लगेच विचारतो, शाहबानोबद्दल त्या काय म्हणाल्या? आणि परंपरावादी विचारतो, शरीयतबद्दल त्यांनी काय केले? दोघांनाही त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी असते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांसह मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेला, तेव्हापासून महाराष्ट्रात मुस्लिम स्त्री म्हटले की तलाक हा एकच विषय पुढे येतो. तो विषय मोठा आहे, त्याने अनेकींची आयुष्ये जाळली आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण न्यायाधीशाचे काम समोर आलेल्या प्रकरणाचा निवाडा करण्याचे असते, समाजाच्या वतीने निवेदने काढण्याचे नसते. मुस्लिम न्यायाधीश स्त्रीने जमिनीच्या, कराच्या, नोकरीच्या खटल्यांत कसा न्याय केला हे विचारावेसेच आम्हाला वाटू नये, यात आमच्या वाचनाचे दारिद्र्य दिसते.

म्हणून त्यांचा एक निकाल पुढे ठेवतो. १९९१ मधले कर्नाटकातील अनुसूचित जाती व दुर्बल घटक कल्याण संघटनेचे प्रकरण. राज्याच्या झोपडपट्टी कायद्याखाली सरकारने एक वस्ती निर्मूलन क्षेत्र म्हणून जाहीर केली. नंतर ती अधिसूचना रद्द करून नवी काढली आणि क्षेत्राचा काही भाग वगळला. वगळलेल्या भागातल्या लोकांना कुणी विचारले नाही. सरकारचे म्हणणे साधे होते, आमचीच अधिसूचना, आम्हीच मागे घेतली. फातिमा बीवींनी लिहिलेल्या निकालाचे सार असे की, एकदा वस्ती जाहीर झाली की तिथल्या रहिवाशांच्या पदरात काही हक्क, काही अपेक्षा पडतात. त्या काढून घ्यायच्या तर आधी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. कायद्यात तशी तरतूद शब्दांत लिहिलेली नसली तरी नैसर्गिक न्यायाचे तत्त्व ते मागते.

केरळचेच न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे निकाल वाङ्मय म्हणून वाचले जातात. त्यांचे इंग्रजी पल्लेदार, नवे शब्द घडवणारे. फातिमा बीवींच्या लेखनात तसे काही नाही. प्रश्न काय, कायदा काय, तो इथे कसा लागू पडतो, आणि मग आदेश. आम्हाला ही भाषा मुन्सफ कोर्टात घडलेली वाटते, जिथे पक्षकार समोर उभा असतो आणि त्याला शेवटी एवढेच कळून घ्यायचे असते की घर राहिले की गेले. वस्तीतल्या माणसाला 'तुला विचारल्याशिवाय तुझे नाव यादीतून काढता येणार नाही' असे सांगणारा निकाल आपल्या शहरांतल्या कितीतरी मोहल्ल्यांच्या कामाचा आहे. तो आपल्या एकाही सभेत कुणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

२९ एप्रिल १९९२ रोजी त्या निवृत्त झाल्या. दिल्लीत अडीच वर्षे मिळाली. एवढ्या काळात कुणी न्यायशास्त्राला नवे वळण देत नाही, आणि त्यांनी ते दिले असा दावा करणे खुशामतीचे होईल. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला, त्याच्या त्या सदस्य होत्या. इथवर आमची लेखणी सरळ चालली. यापुढचे लिहिणे अवघड आहे, आणि आपली नियतकालिके नेमकी इथेच थांबतात.

२५ जानेवारी १९९७ रोजी त्या तामिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये राजीव गांधी हत्या प्रकरणातील फाशीची शिक्षा झालेल्या चौघांचे दयेचे अर्ज त्यांनी फेटाळले. मंत्रिमंडळाचा सल्ला न घेता. पुढच्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. दयेचा अधिकार राज्यपालाच्या नावावर असला तरी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा असतो. हे काही नवे तत्त्व नव्हते. अर्ज पुन्हा विचारात घेतले गेले आणि २००० साली नलिनी यांची फाशी जन्मठेपेत बदलली, बाकी तिघांचे अर्ज फेटाळले गेले. एका माणसाचे प्राण घ्यायचे की नाही या प्रश्नावर जन्मभर न्यायदान केलेल्या व्यक्तीकडून कार्यपद्धतीची चूक व्हावी, ही गोष्ट आम्हाला बेचैन करते. वस्तीतल्या रहिवाशांना ऐकून घ्या म्हणणारी लेखणी आणि ही लेखणी एकच आहे.

मग २००१. टान्सी जमीन प्रकरणात ऑक्टोबर २००० मध्ये जयललिता दोषी ठरल्या होत्या आणि त्यांना तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा झाली होती. विधानसभेसाठी चार मतदारसंघांतून भरलेले त्यांचे अर्ज फेटाळले गेले. पक्षाला मात्र घवघवीत बहुमत मिळाले आणि आमदारांनी त्यांनाच नेता निवडले. १४ मे २००१ रोजी फातिमा बीवींनी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. त्यांचे समर्थन असे होते की बहुमताने निवडलेल्या नेत्याला बोलावणे हे राज्यपालाचे कर्तव्य आहे, आमदार नसलेल्या व्यक्तीलाही सहा महिने मंत्री राहता येते, आणि आपण जाणकारांचा सल्ला घेतला आहे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. जनतेचा कौल मोठा की कायद्याची अट, हा प्रश्न खरा आहे. पण सहा महिन्यांची सवलत जो निवडून येण्यास पात्र आहे त्याच्यासाठी असते. जो उभाच राहू शकत नाही तो सहा महिन्यांत निवडून येणार कसा? २१ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती नियुक्ती घटनाबाह्य ठरवली. त्या पीठावर एक स्त्री होती. न्या. रूमा पाल, सर्वोच्च न्यायालयातल्या तिसऱ्या महिला न्यायाधीश. दार ज्यांनी उघडले त्यांच्याच निर्णयावर, त्याच दारातून आत आलेल्या स्त्रीने सहन्यायाधीशांबरोबर निवाडा केला. आम्हाला यात दुःख करण्यासारखे काही वाटत नाही. डिसेंबरमध्ये जयललिता अपिलात निर्दोष सुटल्या, पण त्याने मे महिन्यातली नियुक्ती योग्य ठरत नाही.

तोवर फातिमा बीवी पदावर राहिल्याच नव्हत्या. ३० जूनच्या पहाटे करुणानिधींना पोलिसांनी घरातून उचलून नेले, ती दृश्ये देशभर दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. राज्यपालांचा अहवाल म्हणजे राज्य सरकारच्या म्हणण्याचीच नक्कल आहे असे ठरवून केंद्रातल्या वाजपेयी मंत्रिमंडळाने त्यांना परत बोलावण्याची शिफारस केली आणि त्यांनी राजीनामा दिला. केंद्राचेही यात राजकारण होते, कारण करुणानिधींचा पक्ष दिल्लीत सत्तेतला भागीदार होता. तरीही अहवालाबद्दलचा आक्षेप त्यामुळे खोटा ठरत नाही.

हे सारे लिहिताना आपल्या एका ज्येष्ठ मित्रांनी आम्हाला अडवले. म्हणाले, "बाबांनो, आधीच आपल्याकडे नावे मोजकी. त्यातलेही एक कशाला पुसता?" त्यांची कळकळ आम्हाला कळते. ज्या समाजावर बाहेरून सतत दोषारोप होतात त्याला आपल्या माणसाचा दोष स्वतः सांगणे जड जाते. पण नाव मोजके आहे म्हणून ते तपासायचे नाही, तर ते भिंतीवरच्या तसबिरीसारखे होते, त्याच्यापासून कुणाला काही शिकता येत नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या काहीच महिने आधी फातिमा बीवी दिल्लीत न्यायासनावर बसल्या होत्या. आपले जगणे आपणच लिहू हा त्या संमेलनामागचा आग्रह होता. आपल्या जगण्यात आपल्या चुकाही येतात.

नियुक्तीच्या वेळी त्या म्हणाल्याचे सांगतात की आपण एक बंद दार उघडले. पुढे मुलाखतींतून न्यायव्यवस्था पुरुषप्रधान असल्याचेही त्या स्पष्ट म्हणाल्या. दाराचे पुढे काय झाले ते पाहू. मुंबई उच्च न्यायालयातल्या सुजाता मनोहर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मग २००० साली रूमा पाल. २०२१ साली एकाच दिवशी तिघींनी शपथ घेतली, तेव्हा एकूण आकडा अकरावर गेला. यात दुसरी मुस्लिम स्त्री नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी तिहेरी तलाकचा निकाल आला. पाच न्यायाधीश पाच धर्मांचे आहेत याचे तेव्हा फार कौतुक झाले. पाचही पुरुष होते. फातिमा बीवींच्या निवृत्तीला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती आणि त्यांच्या जागेवर बसवायला मुस्लिम स्त्री देशात सापडली नव्हती, की शोधलीच नव्हती?

राजीनाम्यानंतर त्या केरळात परतल्या आणि अखेरची वर्षे निवांत काढली. आत्मचरित्र लिहून आपली बाजू मांडण्याच्या भरीस पडल्या नाहीत. मांडली असती तर २००१ बद्दल त्यांच्याशी वाद घालायला आम्हाला आवडले असते. २०२४ साली त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले. सरकारी यादीत त्यांच्या नावापुढे क्षेत्र लिहिले आहे, सार्वजनिक व्यवहार. मुन्सफ कोर्टातली ती वर्षे त्यातच कुठेतरी आली असावीत.